शारदाआत्याला कॉम्प्युटर पाहिजे

निवे, ता. मुळशी
१४ सप्टेंबर २०२४

चि. सौ. कां. मृण्मयीस,
शारदाआत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

हितं समदी खुशाल हायेत. यंदा गौरीला माहेरी नेऱ्याला आले न्हाई म्हणून तुझा बाप फुगला असंल. त्याला म्हणावं, दादा, ओट्यावर पाय घसरला, हात मुरगाळला, बांधून ठेवलाय. जीव गेलेला न्हाई. फोन करायचा तर टेकाडावर चढावं लागतंय, आन् चढून बी निम्मं बोलणं वाऱ्यावर जातंय, म्हणून पत्र लिवतीया. तशी फोनवर तू नुसती हं हं करतीस आन् पलीकडं बोटं बडवत असतीस. पत्र वाचताना तरी गप बसशील.

आता कामाचं. आधी सांगते, हसायचं न्हाई. मला एक कॉम्प्युटर घ्यायचाय.

आमचं हळदीच्या गाण्यांचं मंडळ तुला ठावं हाय. धरणाकडंच्या रिसॉर्टात शहरातली लग्नं व्हत्यात, तितं आमा बायांना बोलवत्यात. आखाडाच्या आदी अशाच एका लग्नात पौडचा मनीष म्हणून एक कीबोर्डवाला भेटला. त्याच्यापुढं साधाच कीबोर्ड, बाजूला लॅपटॉप. त्यानं एक पट्टी दाबली आन् लॅपटॉपातनं पेटी वाजली. खेळण्यातली न्हवं, खरी. भात्याचा श्वास सुदीक ऐकू आला. मी डोळं मिटून बसले. मला वाटलं माझीच पेटी कुणी तरी वाजवतंय.

माझ्या पेटीचा भाता आता फाटलाय. आमच्या राजूनं हौसंनं घेतलेला कीबोर्ड माळ्यावर पडून हाय. त्याला जोडायला खिशाला झेपंल असा कॉम्प्युटर कुटला घ्यावा, ते तू सांग. तू त्यातलीच. तुझ्या हळदीला मलाच वाजवायचं हाय, तवा उशीर लावू नको.

दादाला, वहिनीला नमस्कार. माया हायेच, ती पत्रातनं पोचती कर.

तुझी आत्या
शारदा


नेरे
२२ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
मृण्मयीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. तिच्या हातातली पळी आमटीत बुडाली. बाबा म्हणाले की शारदीला मोबाइलवर हिरवं बटण कुठलं ते सांगता सांगता माझे केस पिकले, आणि ती कॉम्प्युटर घेणार? आत्या, तू आम्हा सगळ्यांना धक्का दिलास! हसायचं नाही म्हणालीस म्हणून हसले नाही, पण फार जड गेलं.

मी ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवरच असते, पण गाण्याच्या कामाचं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून पियूषला विचारलं, तो हौसेने गाणी रेकॉर्ड करतो. तुझे होणारे जावई अमरावतीहून आमच्या वरच्या खोल्यांत भाड्याने राहायला आले तेव्हा त्यांच्याकडे एक बॅग कपड्यांची आणि तीन खोकी तारांची होती, हे बाबा अजून सगळ्यांना सांगतात. त्या तारा आता कामाला आल्या.

पियूष म्हणतो की दिसायला चकचकीत, हलका, स्वस्त असा नवा लॅपटॉप अजिबात घ्यायचा नाही. पट्टी दाबली की आवाज त्याच क्षणी यायला हवा, आणि स्वस्तातल्या यंत्राला तेच जमत नाही. पेटीचा एकेक सूर खरा रेकॉर्ड करून ठेवलेला असतो, तो पटकन हाताशी यायला मेमरी भरपूर लागते. त्यापेक्षा मोठ्या कंपन्या दोन-तीन वर्षं वापरून काढून टाकतात ते जाडजूड लॅपटॉप दुरुस्त करून मिळतात, तसला एखादा बघायचा. त्याला आवाजाची एक छोटी बाहेरची डबी जोडायची, ती नसेल तर चांगला लॅपटॉपसुद्धा घोगरा बोलतो. टॅबलेटचाही विचार केला, पण त्याला एकच भोक, त्यात चार्जर घालायचा की कीबोर्ड? खोक्यासारखा छोटा कॉम्प्युटर स्वस्त पडतो, मात्र त्याला पडदा वेगळा लागतो आणि वीज गेली की तो तिथल्या तिथे गार. तुमच्याकडच्या विजेचा तर काय भरवसा!

तोवर राजूदादाच्या मुलाचा शाळेचा लॅपटॉप आहे ना, त्यावर पियूषने सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय तसं करून बघ. पण मला एक सांग. पेटीचा भाता फाटला तर पुण्यात शिवून मिळतो, मीच घेऊन जाते. एवढा उपद्व्याप कशाला?

हाताला शेक देत जा. धाकट्यांवरचा राग आणि लोभ दोन्ही राहू दे.

तुझी
मृण्मयी


निवे
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. कां. मृण्मयीस,
आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

पोराच्या शाळंतला लॅपटॉप लावून बघितला. अगं, पट्टी दाबली आन् वाट बघत बसले. आवाज येईस्तोवर माणूस ताम्हिणी घाट उतरून कोकणात जेवून येईल! आमच्या मंडळाचा गेणबा ढोलकी घिऊन बसला हुता. त्यानं एक ठेका धरला, माझा सूर मागनं आला, तवा त्यानं ठेका हळू केला, तर सूर आनखी मागं. शेवटी त्यो म्हणाला की बाई, ह्यो सूर कालचा हाय का आजचा? बाया लोळून हसल्या. तवा पियूषराव म्हणत्यात ते खरं हाय, जाडजूडच बघा.

आता मला काय काय पुसायचं हाय. खालचा सा एकदा दाबला की त्यो आपला आपण चालू ऱ्हाईल का? म्हंजी दुसरं बोट तिकडं ठेवायला नको. आन् आमच्या बायांचं तुला ठावं हाय, एक काळी दोनमधी गाती, दुसरी पांढरी चारमधी, मधीच सूर बदलावा लागतोय. ते पायानं व्हईल का? मनीषच्या पायाखाली एक पेडल हुतं. समदं उजव्या हातानं आन् पायानं झालं पायजे, असं बघ.

भाता शिवायचं म्हणतीस, तर ऱ्हाऊ दे. जुनी पेटी हाय, आनखी कुटं तरी फाटंल.

दसऱ्याचं सोनं हितनंच देते. जीव लावतीस तसाच लावत ऱ्हा.

आत्या


(याच पाकिटातली दुसरी चिठ्ठी)

मृण्मयीताई, तुमच्या साधनावहिनीचा नमस्कार.

आईंनी पत्र टाकायला माझ्याकडं दिलं. तेच्यातच ही चिठ्ठी घालतीया. त्यांनी शपथ घातली हुती, ती आज मोडते.

पेटीचा भाता धड हाय. आईंचा हात गेलाय.

आखाडात एका सकाळी च्या पिताना कप डाव्या हातातनं खाली पडला. आमी हसलो. आई बी हसल्या, पर हसू एकाच बाजूला आलं. राजूनं गाडी काढली. तसंच गाडीत घालून पुण्याला न्हेलं. देवाची किरपा, बोलणं आलं, पाय आला. डावा हात आला न्हाई. डॉक्टर म्हणत्यात, आला तर थोडा येईल, भाता मारण्याएवढा न्हाई येनार. तुमच्या लग्नाची तारीख धरलेली, म्हणून नेऱ्याला कळवू दिलं न्हाई.

आता ह्या कॉम्प्युटरचं खूळ. मी सरळ सांगते, राग धरू नका. त्यांना अंघोळ मी घालते, वेणी मी घालते, गोळ्या मी देते. त्यांनी निवांत बसावं एवढंच माझं म्हणणं. रिसॉर्टवाल्या दादासाहेबांनी तर निरोप धाडला की बाई नसल्या तर मोबाइलवर तयार गाणं लावा, तुमी वरनं गा. आमा बायांना ते बरं वाटलं. आईंना सांगितलं तर दोन दिस जेवल्या न्हाईत. तुमचं त्या ऐकत्यात. कॉम्प्युटर मिळत न्हाई, असं कळवून टाका.

तुमची
साधनावहिनी


नेरे
९ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
नमस्कार.

आज खुशाली विचारत नाही, कारण तू खरी सांगत नाहीस.

मला सगळं कळलंय. वहिनीला एक शब्द बोलायचा नाही, तिने सांगितलं नसतं तर मी तुला कधीच माफ केलं नसतं. चिठ्ठी वाचली तेव्हा मी गाडीवर बसले होते, चावी लावलेली. ती तशीच. हिंजवडीचा सगळा ट्रॅफिक माझ्या बाजूने हॉर्न मारत गेला आणि मला हलता येईना. आखाडापासून, आत्या! मी तुला फोनवर साडीचा रंग विचारत होते, तू राणी रंग सांगत होतीस, आणि तुझा हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला होता? आणि मी तुला शेक द्यायला सांगितलं. मेमरी किती, डबी कुठली, टॅबलेटला भोक किती, असलं पानभर लिहीत बसले. तू पायाने, एका हाताने म्हणून विचारत होतीस आणि मला एवढंही सुचलं नाही.

बाबांना सांगितलं. गोठ्याकडे गेले. आता तिथे गोठा नाही, भाडेकरूंच्या गाड्या लागतात, तरी तिथेच जाऊन उभे राहिले.

दसऱ्याला मी येतेय. नको म्हणून कळवायला पत्र पोचणार नाही, तेव्हा तो प्रयत्न करू नकोस.

मृण्मयी


निवे
२० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. कां. मृण्मयीस,
आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

दसऱ्याला तू आलीस. एवढा वाद घालणारी पोर तू. माझ्यापुढली भांडी वढून घितलीस, घासलीस, पालथी घातलीस, पाया पडलीस आन् गेलीस. मी दारात हुबी ऱ्हायले. तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. तवा जे तोंडानं बोलता आलं न्हाई ते लिवते.

लग्नाची तारीख मोडंल म्हणून लपवलं, हे खरं. पर समदं खरं न्हाई. लोकांना कळलं की आदी लोक बारीक आवाजात बोलत्यात. मंग बाईला दमवू नगा म्हणत्यात. मंग बोलवायचंच बंद करत्यात. मी लग्न हून हितं आले तवा मला कुणी वळखत न्हवतं, आदी अमक्याची सून, मंग राजूची आई, एवढंच. पेटी शिकले तवा पंचक्रोशीत शारदाबाई झाले. हात गेला त्या दिवशी दवाखान्यात शुद्ध आली, तवा पयलं मनात आलं ते राजू न्हाई, तू न्हाई, देव बी न्हाई. खालचा सा आता कोण धरणार, हे आलं. माझाच मला धक्का बसला. अशी कशी गं बाई मी?

साधनाला मी बोलले न्हाई. ती माझं करून दमलीया, ते मला दिसतंय. ती म्हणती निवांत बसा. पर पोरी, मी निवांत बसले की माझं ध्यान हातावरच जातंय. दिसभर त्याच्याकडं बघून काय करू?

तू न्हाई म्हणालीस तर मी कॉम्प्युटरचं नाव काढणार न्हाई. तुझ्यावर सोडलं. रागाचा निम्मा भाग झाला असंल तर निम्मी माया धाड.

आत्या


नेरे
८ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास आणि सौ. साधनावहिनीस,
मृण्मयीचा नमस्कार. वि. वि.

राग निम्मा नाही, पाऊणभर आहे, पण माया सगळी धाडली आहे. भाऊबिजेला पियूष आणि मी लॅपटॉपसकट ती तुझ्या ओट्यावर मांडूनच आलो.

आता पुन्हा एकदा लिहून ठेवते. काळा लॅपटॉप जुना असला तरी त्याला हसू नका. त्याच्याआधी पियूषने दुकानातले तीन नाकारले. एक बरा होता, पण त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायचा. दुसऱ्याने थोड्या वेळाने सूर तडतडवला. हा मात्र पियूषने अर्धा दिवस दुकानात बसून वाजवला, इतका की दुकानदाराने शेवटी चहा देणं बंद केलं. त्यावर इंटरनेट मुद्दाम बंद केलंय, ते कुणी चालू करू नये, नाहीतर ऐन गाण्यात तो स्वतःची दुरुस्ती काढून बसेल. गादीवर ठेवायचा नाही, पाटावर ठेवायचा, खालून त्याला वारा लागतो. डाव्या पायाला सूर धरून ठेवायचं पेडल, उजव्या पायाला पट्टी बदलायचं.

वहिनी, तू सुरुवातीला पाठ करून भाकऱ्या थापत होतीस, ते मी पाहिलं. मग आत्याने खालचा सा लावला, आवाज घरभर पसरला आणि तुझी भाकरी तव्यावर करपली, तेही पाहिलं. निघताना तू हळूच विचारलंस की हे चालू करायचं बटण कुठलं, मलाच दाखवा, आईंच्या बोटानं दबत न्हाई. त्या वेळी मला किती हायसं वाटलं, ते तोंडावर सांगता आलं नाही.

बाबा हल्ली येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की आमची शारदी कॉम्प्युटर वाजवते. ऐकणाऱ्याला वाटतं बिघडलाय.

मोठ्यांनी आशीर्वाद द्यावेत, बरोबरीच्यांनी भांडण चालू ठेवावं.

मृण्मयी


अमरावती
१७ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सौ. मृण्मयीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

सासरहून हे पहिलं पत्र. सगळे प्रेमाने वागतात. वऱ्हाडी ठेच्याने माझे कान अजून गरम आहेत. पण आत्या, मला रोज हळदीचा दिवस आठवतो, आणि काय झालं त्याची नीट संगती लागत नाही.

तू काय वाजवलंस गं! बाबा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. अमरावतीची मंडळी विचारत होती की पेटी कुठे लपवली आहे. आणि मला हळद लागायला लागली, तेवढ्यात तो फोटोवाला मागे सरकला, त्याचा पाय तारेत अडकला आणि कीबोर्डची तार लॅपटॉपमधून निघाली. तुझी पट्टी चालेना, आणि आवाज थांबेना! एकच सा, नुसता सलग, मांडवभर. पियूषने मला नंतर समजावलं. पट्टी दाबल्याचा निरोप लॅपटॉपला पोचला होता, सोडल्याचा पोचायच्या आत तार निघाली. लॅपटॉपच्या लेखी तुझं बोट अजून पट्टीवरच होतं.

गेणबांची ढोलकी थांबली. बाया थिजल्या. मला वाटलं, हिच्या जन्माचा हिरमोड माझ्या हळदीत झाला. पियूष तार लावायला धावला, आणि तू उजवा हात वर करून त्याला जागीच थांबवलंस. का थांबवलंस, आत्या? तार लावायला कितीसा वेळ लागला असता? आणि मग साधनावहिनीने डोळे मिटून त्या सुरावर ओवी उचलली, बाकीच्या तिच्यामागून आल्या, आणि तू उठून माझ्याकडे आलीस. पुढचं मला आठवतं, पण ते लिहिता येत नाही. तूच लिही.

तुझ्या नव्या संसारी भाचीवर जुनीच माया असू दे.

मृण्मयी


निवे
२६ डिसेंबर २०२४

चि. सौ. मृण्मयीस,
आत्याचे अखंड सौभाग्याचे आशीर्वाद. वि. वि.

कांक्षिणी गेली, नुसती सौ. ऱ्हायली. पाकिटावर लिवताना बरं वाटलं.

पुसतीस तर सांगते. तार निघाली तवा मी बी हबकले. पट्ट्या दाबतीया, काय हुईना. पेडल दाबलं, काय हुईना. मला वाटलं उजवा हात बी गेला. खरंच गं, तसंच वाटलं. मी हात डोळ्यापुढं धरून बोटं हालवून बघितली. बोटं हालत हुती. आन् सा चालूच हुता. माझा हात त्याच्यावर न्हवता, तरी चालू हुता.

तेवढ्यात साधनानं ओवी उचलली. अगं, मी इतकी वर्सं ह्या बायांच्या संगं वाजवलं. ही साधना घरात आली तवापासनं मंडळात गाती. पर मी त्यांचं गाणं कधी ऐकलंच न्हवतं. माझं ध्यान पट्टीवर, ही चढली का, ती घसरली का, पुढला सूर कुटला. त्या दिवशी हाताला कामच न्हाई म्हणून मी पयल्यांदा ऐकलं. साधनाचा आवाज असा हाय? मी थक्क झाले. एका घरात ऱ्हातो, एका चुलीवर जेवतो, आन् मला ठावं न्हाई! पियूषराव तार घिऊन वाकले तवा म्हणून हात वर केला. त्यांना वाटलं असंल सासू रागावली. त्यांना सांग, रागावले न्हवते. तार लावली असती तर मला परत वाजवावं लागलं असतं.

आन् मंग माझ्या ध्यानात आलं. माहेरातल्या सासरातल्या किती पोरींच्या हळदीला मी बसले, पर एकीला सुदीक हळद लावली न्हाई. कशी लावणार? एक हात पट्ट्यांवर, एक भात्यावर. पेटीवाली उठली की गाणं बसतं. त्या दिवशी मी उठले आन् गाणं बसलं न्हाई.

तुझ्या उजव्या गालाला उजव्या हातानं लावली. डावा गाल ऱ्हायला. लोक बघत हुते, बघू दे म्हटलं. डावा हात उजव्यानं उचलला, वाटीत बुडवला, तुझ्या गालावर न्हेऊन ठेवला. तुला वाटलं असंल आत्याच्या हाताला कायतरी कळलं, म्हणून तू माझ्या तोंडाकडं बघत हुतीस. खोटं आता लिवणार न्हाई. हळद गार हुती का, ते कळलं न्हाई. तुझा गाल मऊ हुता का, ते बी न्हाई. हात लाकडावानी. पर तुला रडू फुटलं आन् तू हुंदका दिलास, तवा त्यो हात हालला. त्यो हिसका मनगटातनं, कोपरातनं वर आला आन् खांद्यात कळला.

तितनं फुडं मला जे झालं, ते मला बी लिवता येत न्हाई. तवा आपण दोघी हितंच थांबू.

तुझ्या सासूबाईंना, सासऱ्यांना आमचा नमस्कार. पियूषरावांना आशीर्वाद. साधना हितंच बसलीया, ती म्हणती की ठेचा सोसंना तर दह्यात कालवून खावा. लेकी, लांब गेलीस, मायेला मात्र लांब करू नको.

तुझी आत्या
शारदा